वल्हं हातात: लॉख लोमंडवर एकट्याने जायचंय, तर

मागच्या अंकात लॉख लोमंडच्या बेटांमधून दिवसभर एकटीने कयाक फिरवण्याबद्दल लिहिलं आणि मग मेल काय, व्हॉट्सॲप काय, प्रश्नच प्रश्न. संपादकांनी सगळे माझ्याकडे ढकलून दिलेत, तेव्हा आज फक्त उत्तरं. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की हे स्कॉटलंडमधलं सरोवर (लॉख म्हणजे तिकडच्या भाषेत तळं), ग्लासगोहून ट्रेनने तासाभरात गाठता येतं, लांबी ३६ किलोमीटरच्या आसपास, क्षेत्रफळाने ग्रेट ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं. उत्तरेला चिंचोळं आणि खोल, दक्षिणेला पसरट आणि त्या मानाने उथळ, आणि बेटांची गर्दी सगळी दक्षिणेला. बेटं वीसच्या वर आहेत, पाणी खाली गेलं की अजून काही डोकी वर काढतात, म्हणून नक्की आकड्यावरून कोणी भांडू नका.

प्रश्न (ग्लासगो): ताई, मी इथे मास्टर्स करतोय, मूळचा नगरचा. युनिव्हर्सिटीच्या क्लबबरोबर कॅनॉलमध्ये बऱ्यापैकी कयाक केलंय. परीक्षा संपल्या की बॅलमहाहून एकट्याने निघून एका दिवसात जमतील तेवढी बेटं करायची आहेत. क्रम सांगाल का? आणि प्लीज 'एकटा जाऊ नकोस' हे सोडून काहीही सांगा, ते घरचे सांगतायतच.

नाही सांगत तसं. मी स्वतः एकटी जाते, तुला कुठल्या तोंडाने नको म्हणू. पण 'जमतील तेवढी' हे मात्र डोक्यातून काढून टाक. बेटं मोजत निघालं की माणूस नकाशात बघून पुढचं बेट ठरवतो आणि तिथे ठरवायचं असतं ते वाऱ्याकडे बघून. कॅनॉलमध्ये तुला हे कळलेलं नसणार, कारण तिथे वाऱ्याला लाटा उठवायला जागाच नसते. लॉखवर वारा जितक्या लांबून मोकळ्या पाण्यावरून येईल तितकी लाट मोठी, आणि मधे बेट आलं की त्याच्या मागे पाणी निवांत. म्हणजे बेटं ही तुझी आडोशाची जागा आहे, आज हा आडोसा, तिथून पुढचा आडोसा, असा दिवस लाव.

इथे वारा जास्त करून नैर्ऋत्येचा. बॅलमहा आहे पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे नैर्ऋत्येचा हलका वारा असेल तर जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, आणि हे असंच पाहिजे, दमल्यावर वाऱ्याने घरी ढकलावं. पण वसंतात कधीकधी दिवसेंदिवस पूर्वेचा वारा लागतो आणि तो भारी फसवा. बॅलमहाला मागे डोंगर, त्यामुळे किनाऱ्यापाशी पाणी एकदम शांत, तू मजेत निघतोस, वारा पाठीशी आहे हे लक्षातही येत नाही, वाटतं आज काय हात चालतोय आपला, आणि इंचमोन बेटाला पोचून वळलास की कळतं आता सगळंच्या सगळं अंतर वाऱ्याच्या विरुद्ध कापायचंय आणि तुझी निम्मी ताकद गेलेली आहे. अशा दिवशी पलीकडून निघ, पश्चिम किनाऱ्यावरच्या लस गावातून. सुरुवात वाऱ्याच्या तोंडावर, परतीला पाठीवर. मला विचारशील तर एकट्याच्या दिवसाचं निम्मं प्लॅनिंग इथेच संपलं.

आता क्रम. नैर्ऋत्येचा हलका वारा धरून चालू. बॅलमहाहून समोरच इंचकॅलॉख, मधलं पाणी अगदी थोडं, हात गरम होईपर्यंत पोचतोस. तिथून वायव्येला इंचफॅड, मग इंचक्रुइन, मग इंचमोन. इंचक्रुइन आणि इंचमोनच्या मधली फट इतकी उथळ की पाणी कमी असेल तर कयाकचं बूड घासतं. ती ओलांडली की इंचमोन, इंचटॅव्हॅनाक आणि इंचकॉनाकन या तिघांच्या मधे जवळजवळ बंदिस्त पाणी लागतं, त्याला नॅरोज म्हणतात. माझ्या मते अख्ख्या लॉखमधली सगळ्यात सुंदर जागा हीच. जेवण इथे कर, इंचमोनला वाळूचे किनारे आहेत. परतताना इंचकॉनाकनच्या उत्तरेकडून बुकिंच आणि सीर्डाख ही दोन लहान बेटं घेत इंचफॅडच्या मागून बॅलमहा. साधारण १२ ते १५ किलोमीटर होतील. निवांत वल्हवत ताशी ४-५ किलोमीटर धर, त्यात थांबणं, खाणं, फोटो, म्हणजे पूर्ण दिवस गेला.

इंचमरिन आणि इंचलोनेग पहिल्या वेळी सोड. इंचमरिन सगळ्यात मोठं, ब्रिटिश बेटांमधलं गोड्या पाण्यातलं सर्वांत मोठं बेट म्हणून सगळ्यांना तिथे जायचं असतं, पण इंचकॅलॉखहून तिकडे जाताना मधला मोकळ्या पाण्याचा पट्टा मोठा आहे आणि नैर्ऋत्येचा वारा तिथे अडवायला काहीच नाही. इंचलोनेगचं उलटं, ते उत्तरेच्या बाजूला वेगळं पडलेलं, उत्तरेचा वारा सुटला की त्या चिंचोळ्या खोऱ्यातून सरळ तुझ्या अंगावर.

वाऱ्याचा माझा हिशोब सांगते, हा कायदा नाही, माझं मत आहे. नवख्या माणसाने एकट्याने जायचं तर अंदाजात स्थिर वारा ताशी १० मैलांपर्यंत आणि झोत, म्हणजे मधेच येणारा जोराचा झपाटा, १५ मैलांच्या आत, त्याच्यावर असेल तर किनाऱ्याला धरून सराव करावा आणि घरी यावं. मेट ऑफिसच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या, ॲपमध्ये वारा आणि झोत वेगळे दाखवतात, लोक फक्त पहिला आकडा बघतात, माणसाला उलटवतो तो दुसरा. पाण्यावर गेल्यावर ॲप नको, लाटा बघ. इथेतिथे एखाद्या लाटेच्या माथ्यावर फेस दिसतोय म्हणजे फोर्स ३ (वाऱ्याचा जोर मोजायची बोफर्ट श्रेणी), फेस बऱ्याच ठिकाणी सारखा दिसायला लागला म्हणजे फोर्स ४ आणि तेव्हा तू कुठल्यातरी बेटाच्या आडोशाला असायला हवंस. आणि तिथे बसून राहायचं. याची लोकांना लाज का वाटते कोण जाणे. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, वारा बरेचदा संध्याकाळी पडतो, तुझ्याकडे खाणं, गरम कपडा आणि चार तास आहेत, मग घाई कसली.

आता ज्या प्रश्नावर मी अडून बसणार आहे तो. खोल पाण्यात उलटलास तर कोणाच्या मदतीशिवाय परत कयाकमध्ये चढता येतं का तुला? क्लबमध्ये तुम्हाला जे शिकवलं असेल त्यात दुसरी होडी बाजूला येते, तुझी होडी आडवी ओढून पाणी काढते आणि मग तू चढतोस. एकटा असशील तर ती दुसरी होडी नाही. वल्ह्याच्या टोकाला फुगवायची पिशवी लावतात, पॅडल फ्लोट, तिचा आधार करून चढायचं, मग हातपंपाने आतलं पाणी काढायचं, आणि हे सगळं वाऱ्यात, लाटेत, थंड पाण्यात. बाहेर कोणीतरी उभं असताना किनाऱ्याजवळ हे दहादा कर, मग मुद्दाम दमल्यावर एकदा कर. जमलं तर जा. नाही जमलं तर सिट-ऑन-टॉप भाड्याने घे, म्हणजे ज्यात वर बसतात ती, ती उलटली तरी आत पाणी भरत नाही, पोटावर सरकून वर चढता येतं. दिसायला ती तितकी स्टायलिश नाही, असू दे. आणि हेही जमत नसेल तर यावर्षी कोणाबरोबर तरी जा, लॉख कुठे पळून जात नाही.

फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये अंगावर, होडीत नाही. उलटल्यावर होडी वाऱ्याबरोबर तुझ्यापेक्षा जोरात जाते, फोन तिच्याबरोबर गेला तर उपयोग काय. ९९९ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, एसएमएसने पण मदत मागता येते पण त्यासाठी आधी नोंदणी लागते, 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत टाइप करून ९९९ ला पाठव आणि जे उत्तर येईल तसं कर, दोन मिनिटांचं काम आहे, आजच करून टाक. रेंजची एकच दांडी असली तरी मेसेज कधीकधी निघून जातो.

प्रश्न (नाशिक): माझी लेक एडिनबराला नोकरीला आहे. उन्हाळ्यात रविवारी एकटीच तळ्यावर जाते होडी घेऊन. मी काही बोलले की म्हणते आई तुला यातलं कळत नाही. खरंच कळत नाही हो. पण मी नक्की काय विचारू तिला, म्हणजे ती चिडणार नाही आणि मलाही झोप लागेल?

काकू, 'काळजी घे' सोडून बाकी काहीही विचारा, कारण त्याला 'हो गं' एवढंच उत्तर येतं. आदल्या रात्री एकच मेसेज मागा तिच्याकडे: कुठून पाण्यात उतरणार, कुठल्या बाजूने फिरणार, होडीचा रंग काय, गाडी कुठे लावणार, आणि किती वाजेपर्यंत 'आले बाहेर' असा मेसेज करणार. हे विचारलं तर ती चिडायची नाही, उलट तिला वाटेल आईला कळायला लागलं, कारण इथले चांगले कयाकवाले सगळेच असा निरोप कोणाकडे तरी ठेवून जातात.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही नाशिकहून ९९९ लावलात तर तो स्कॉटलंडला लागत नाही. त्यामुळे तोच मेसेज तिने तिथल्या कोणालातरी पाठवला पाहिजे, रूममेट, ऑफिसातली मैत्रीण, कोणीही, आणि त्या मैत्रिणीचा नंबर तुमच्याकडे हवा. ठरलेली वेळ टळली की तुम्ही मैत्रिणीला फोन करायचा आणि तिने ९९९ ला. लॉख लोमंडला स्वयंसेवकांची बचाव-बोट आहे, लसला असते, पण तिला कुठल्या बाजूला शोधायचं हे कोणीतरी सांगायला हवं.

वेळ ठरवताना मोकळी ठरवा. ती म्हणाली चारला बाहेर येईन, तर मेसेजची वेळ सहा. मधे वारा असेल म्हणून ती बेटावर बसून राहिली असेल, आणि तेच शहाणपणाचं आहे, आई घाबरेल म्हणून लाटांत निघाली असं व्हायला नको. आणि उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढे असतं, तिकडचे सहा म्हणजे तुमचे रात्रीचे साडेदहा. तोवर जागं राहावं लागेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

प्रश्न (बऱ्याच जणांचा): भीती नाही का वाटत?

वाटते ना. पण ज्याची वाटायला पाहिजे त्याची वाटू द्या. लोक मला नेहमी खोली विचारतात. उत्तरेकडे हे लॉख १९० मीटरच्या आसपास खोल आहे हे ऐकून डोळे मोठे करतात. अहो, लाइफ जॅकेट घालून तरंगणाऱ्या माणसाला खाली तीन मीटर आहे का १९० मीटर, काय फरक पडतो. पाण्यातल्या भुताखेतांची पण चौकशी झाली, तो राक्षस वेगळ्या लॉखमधला, लॉख नेसमधला आहे. भीती ठेवायची ती दोन गोष्टींची, वारा आणि गारठा. वाऱ्याचं वर झालं, गारठ्याचं खाली येतंय.

प्रश्न (लंडन): जुलैमध्ये बाहेर २२ डिग्री असताना तुम्ही ड्रायसूट, तो पाणी आत न येऊ देणारा सूट, घालायला सांगता. घामाने मरायचं का? साधी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालणार नाही?

कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे असतात. बाहेर २२ असलं तरी पाणी २२ नसतं, मे महिन्यात तर ऊन छान आणि पाणी अजून हिवाळ्यातलंच असतं, म्हणून मला मे सगळ्यात धोक्याचा वाटतो. १५ डिग्रीच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की छाती आवळते, श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत. पट्टीचा पोहणारा असलात तरी हे होतं, त्याचा पोहण्याशी संबंध नाही. इकडे १-१०-१ म्हणून एक हिशोब शिकवतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात येईपर्यंत नुसतं तरंगायचं, मग साधारण १० मिनिटं हातपाय नीट ऐकतात तेवढ्यात वर चढायचं, आणि गारठून शुद्ध जायला साधारण १ तास. बघा ना, लोक घाबरतात शेवटच्या तासाला, आणि घात होतो पहिल्या मिनिटात. अंगावर लाइफ जॅकेट असेल तर ते मिनिट निघून जातं.

ट्रॅक पँट चालेल की नाही याचं उत्तर त्या १० मिनिटांत आहे. वेटसूटने, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी सूटने, ती वाढतात, ड्रायसूटने अजून वाढतात. ड्रायसूट महाग आहे हे मान्य, नवीन घ्यायला माझाही जीव वर-खाली झाला होता, पण वेटसूट सेकंडहँड सहज मिळतो, भाड्याने तर मिळतोच. सुती कपडा मात्र अजिबात नको, ओला झाला की वाळत नाही आणि गारठा धरून ठेवतो. उकडलं तर वाटेत हात पाण्यात घाला, टोपी भिजवा.

आणि जॅकेटबद्दल थोडं. कयाकवाले जे घालतात ती ५० न्यूटनची बॉयन्सी एड (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप), तिने हात मोकळे राहतात पण ती तुम्ही शुद्धीवर आहात असं धरून चालते. बेशुद्ध माणसाला उलटून तोंड वर आणतं ते १५० न्यूटनचं लाइफ जॅकेट, ते घालून वल्हवणं अवघड. मी बॉयन्सी एडच घालते, चेन पूर्ण वर, पट्टे आवळून. ढिलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून येतं.

प्रश्न (लीड्स, नाव नको म्हणालेल्या): सगळे वारा न् लाटा सांगतात. एकटी बाई दिवसभर पाण्यावर, सू ला जाते कुठे हे कोणी सांगेल का?

शाब्बास, हा खरा प्रश्न. इंचकॅलॉखवर पोर्ट बॉन म्हणून दक्षिणेचा किनारा आहे तिथे कंपोस्ट टॉयलेट आहे, मी दिवस त्याच्या हिशोबाने लावते असं म्हटलं तरी चालेल. बाकीच्या बेटांवर झाडी. इथल्या आउटडोअर ॲक्सेस कोडमध्ये सांगितलंय की पाण्यापासून किमान ३० मीटर लांब जायचं, आणि टिश्यू पिशवीत घालून परत आणायचा. ड्रायसूट घेणार असाल तर मागची चेन असलेला बायकांचा कट बघून घ्या, पुरुषांचा स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, वाऱ्यात अर्ध्या अंगाने उघडं होऊन उभं राहायचं नसेल तर. आणि जायला नको म्हणून पाणी कमी पिणं हा उपाय नाही, दुपारनंतर डोकं दुखतं आणि निर्णय चुकतात.

खायला मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ नेते. सँडविच ड्राय बॅगमध्ये चेपून लगदा होतो, दशमीला काही होत नाही. थर्मसमध्ये आल्याचा चहा. बस.

प्रश्न (ठाणे): आम्ही दोघं मेमध्ये मुलाकडे ग्लासगोला येतोय. कयाक आता या वयात नाही जमणार. बेटं बघता येतील का? आणि तुम्ही कांगारूसारखा प्राणी लिहिला होता, तो खरंच आहे का हो?

काका, मे म्हणजे अगदी योग्य वेळ. मुलाला सांगा बॅलमहाला घेऊन चल, तिथल्या बोटयार्डातून इंचकॅलॉखला लहान फेरी जाते, काही मिनिटांचा प्रवास. बेटावर ओकचं जुनं जंगल आहे आणि मेमध्ये त्याच्या सगळ्या तळाशी निळी ब्लूबेल फुलं. हे जंगल असंच आपोआप राहिलेलं नाही, पूर्वी चामडं कमावायला ओकची साल लागायची म्हणून ते जपून, पाळीपाळीने तोडायचे. आत एक जुनं कब्रस्तान आहे, चर्चचे अवशेष आहेत, मॅकग्रेगर कुळातल्या लोकांची थडगी आहेत. वर टेकडीवर चढायला पायऱ्या आहेत, गुडघ्यांना विचारून चढा, पण चढलात तर एक गंमत दिसेल. इंचकॅलॉख, टॉरिंच, क्रिंच, इंचमरिन ही चार बेटं एका सरळ रेषेत आहेत आणि तीच रेष मागे बॅलमहाच्या कॉनिक हिलवर चढते. ती स्कॉटलंडची मोठी भूभ्रंशरेषा, हायलँड बाउंडरी फॉल्ट. तिच्या एका बाजूला लोलँड्स म्हणजे सखल मुलूख, दुसऱ्या बाजूला हायलँड्स म्हणजे डोंगराळ, लॉख त्या रेषेवरच आडवं पडलंय म्हणून दक्षिणेला पसरट आणि उत्तरेला चिंचोळं. किनाऱ्यावर गोल गोटे रुतलेला खडक दिसला तर हात लावून बघा, तो तिथलाच. उत्तरेला जो मोठा डोंगर दिसतो तो बेन लोमंड, ९७४ मीटर.

प्राणी म्हणाल तर हो, वॉलबी. कांगारूचा लहान भाऊ. इंचकॉनाकन बेटावर काउंटेस ऑफ अ‍ॅरन या बाईंनी १९४० च्या दशकात आणून सोडल्या, हौस म्हणून, आणि स्कॉटलंडच्या थंडीत त्या टिकल्या. पण फार कमी आहेत, बेट खासगी आहे, आणि वॉलबी दिसायला पहाटे चुपचाप पाण्यात थांबून राहावं लागतं. फेरीतून दिसेल असं धरून येऊ नका. त्यापेक्षा ऑस्प्रे दिसायची शक्यता जास्त, मासे मारणारा घारीएवढा पक्षी, पंखाखालून पांढरा. मधेच एका चिमुकल्या बेटावर पडका किल्ला आहे, इंचगॅलब्रेथ, त्याच्या भिंतीतून झाडं उगवलीयेत. इंचलोनेगवर जुने यू वृक्ष आहेत, रॉबर्ट द ब्रूसने धनुष्यांसाठी लावले असं लोक सांगतात, खरंखोटं देव जाणे.

प्रश्न (ॲबर्डीन): चिलटांचं काय करायचं?

मिज म्हणतात ती. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत, ढगाळ, दमट, वारा पडलेला असेल तर सकाळ-संध्याकाळ जीव नकोसा करतात. पाण्यावर नसतात, किनाऱ्याला टेकलात की येतात. वाऱ्याची झुळूक असलेल्या बाजूला उतरा, तोंडावरची जाळी खिशात ठेवा. गोचीड मात्र जास्त मनावर घ्या, झुडपांतून फिरल्यावर घरी येऊन गुडघ्यामागे, काखेत बघा, लाइम रोग त्यांच्यामुळे होतो.

प्रश्न (सातारा): स्कॉटलंडपर्यंत कुठे येऊ. आमच्या शिवसागरात, तापोळ्याला, असं एकट्याने बेटाबेटांतून फिरता येईल का?

दादा, पाणी तसं आहेच, आणि माझं सासर तिकडचंच असल्यामुळे मी तटस्थपणे बोलू शकत नाही. पण हिशोब पूर्ण वेगळा. लॉख हिमनद्यांनी खोदलेलं, त्याची पातळी थोडीफार वरखाली होते. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं पाणी, तिथली बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगरांचे माथे, पावसाळ्यानंतर भरलेलं असतं तेव्हा बेट, आणि मेपर्यंत पाणी उतरलं की तेच बेट किनाऱ्याला जोडलेलं आणि भोवती चिखल. तो चिखल कमरेपर्यंत ओढतो, होडी सोडून त्यात उतरायचं नाही. पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे आणि कोळ्यांची जाळी असतात, ती नकाशात नसतात, गावातल्या नावाड्याला असतात, त्याला विचारा. गाड्या नेणारे तराफे लांबून हळू वाटतात पण त्यांना थांबता येत नाही, त्यांच्या वाटेतून सरळ काटकोनात, लवकर पार व्हा.

गारठ्याचा प्रश्न तिकडे नाही, पण म्हणून जॅकेट काढून ठेवायचं नाही, आपल्याकडे धरणांत बुडतात ते बहुतेक जॅकेटशिवाय. वारा दुपारी उठतो, म्हणून सकाळी लवकर निघून अकरापर्यंत परत. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, तेव्हा पाण्यावर तुम्ही सगळ्यात उंच. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणेन. परवानगीचं आधी बघा. पाणी जलसंपदा विभागाचं, आणि वासोट्याच्या बाजूचा किनारा अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. इथे स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बिनइंजिनाच्या होडीला तळ्यांवर फिरायचा हक्क दिलाय, तसं आपल्याकडे नाही. मुनावळ्याला एमटीडीसीचं जलपर्यटन केंद्र २०२४ मध्ये सुरू झालंय, सुरुवात तिथून करा, एकट्याने जायचं पुढच्या वर्षी बघू.

प्रश्न (मँचेस्टर): आमच्याकडे फुगवायची कयाक आहे, डब्यात बसते. चालेल का? आणि रजिस्ट्रेशन लागतं का?

रजिस्ट्रेशन इंजिनाच्या बोटींना लागतं, वल्ह्याच्या होडीला नाही. फुगवायची कयाक वाईट नसते, पण हलकी आणि पाण्याच्या वर जास्त, वारा तिला पतंग करतो. किनाऱ्याकडून पाण्याकडे वारा असेल त्या दिवशी ती पाण्यात घालूच नका. बॅलमहाजवळच्या मिलारोखी बेच्या किनाऱ्याला धरून, वारा किनाऱ्याकडे येत असताना, मुलांबरोबर मजा करा, बेटं तिच्यात नकोत. आणि परत मँचेस्टरला नेऊन दुसऱ्या तळ्यात घालणार असाल तर आधी धुवा, घड्यांमधलं पाणी काढा, पूर्ण वाळू द्या, शिवणीत अडकलेलं शेवाळ आणि बारीक जीव असेच एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. बाल्कनीत उघडी टाकली तर दोन दिवसांत वाळते, डब्यात ओली ठेवलीत तर वासाने तुम्हालाच कळेल.